केदारकंठा: सह्याद्रीतल्या सवयी बर्फात नेऊ नका

दर हिवाळ्यात पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून गटच्या गट उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर जातात. बहुतेकांचे राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई झालेले असतात, काहींचं अलंग-मदन-कुलंगही झालेलं असतं. दुसऱ्या मुक्कामावर डोकं धरून बसलेल्यांत अनेकदा हीच मंडळी असतात. त्यांचा दम कमी नसतो. सह्याद्रीने लावलेल्या तीन सवयी ते सोबत घेऊन आलेले असतात: झपाझप चढायचं, घाम आला तर येऊ द्यायचा आणि तहान लागली की पाणी प्यायचं. साडेतीन हजार मीटरवरच्या बर्फात या तिन्ही सवयी उलट्या कराव्या लागतात. हळू चालायचं, कोरडं राहायचं आणि तहान लागायच्या आधी प्यायचं.

## निघण्याआधी एवढे आकडे लिहून ठेवा

ट्रेक जिथून सुरू होतो ते सांकरी गाव सुमारे 1920 मीटरवर आहे आणि कळसूबाईचा माथा 1646 मीटरवर. म्हणजे सांकरीत बूट बांधता तेव्हाच तुम्ही महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागेपेक्षा पावणेतीनशे मीटर वर असता. तिथून पहिला मुक्काम जुडा का तालाब, सुमारे 2770 मीटर. दुसरा मुक्काम केदारकंठ्याचा तळ, सुमारे 3430 मीटर. माथा सुमारे 3810 मीटर. माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे 63 टक्केच उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटतो.

उंचीवरच्या वैद्यकशास्त्राचा साधा नियम असा: 3000 मीटरच्या वर गेलात की झोपायची जागा रोज 500 मीटरहून जास्त उंच नेऊ नका. केदारकंठ्याच्या नेहमीच्या आखणीत दुसऱ्या दिवशीची उडी 660 मीटरची आहे. आखणीच जरा घाईची आहे, हे आधी मान्य करा आणि पुढचं सगळं नियोजन त्या हिशोबाने करा.

## टप्पा 1: तारीख ठरवणं

बहुतेक जण सुट्ट्या पाहून तारीख ठरवतात, म्हणून नाताळ ते नववर्षाचा आठवडा भरून वाहतो. गर्दीत फोटो बिघडतात, ती गोष्ट छोटी. खरा धोका शेवटच्या चढावर असतो. तिथे रांग लागते आणि पहाटेच्या थंडीत माणसं अर्धा अर्धा तास एका जागी उभी राहतात. चालणारं शरीर ऊब तयार करतं, उभ्या शरीराची बोटं बधिर होतात.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्यांदा जात असाल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा किंवा मार्चची सुरुवात निवडा. बर्फ भरपूर असतो, दिवस मोठा झालेला असतो, रात्री डिसेंबर-जानेवारीइतक्या बोचत नाहीत. तरीही तळावरचं रात्रीचं तापमान शून्याच्या बरंच खाली जाईल असं धरूनच तयारी करा.

सुट्टी मोजताना परतीच्या रेल्वे किंवा विमानाच्या तिकिटाआधी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. मोठी हिमवृष्टी झाली की सांकरीचा रस्ता बंद पडतो. मोकळा दिवस नसेल तर परतीच्या तिकिटापायी माणसं वाईट हवेतही माथ्याकडे निघतात.

## टप्पा 2: शरीर, आठ आठवडे आधी

पायांत ताकद असते, पण हळू आणि सलग चालायचा सराव नसतो, ही नेहमीची उणीव. म्हणून सराव असा बांधा:

पहिले तीन आठवडे आठवड्यातून चार दिवस 40 ते 45 मिनिटं जलद चाला किंवा हलकं पळा. वेग एवढाच ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. बोलताना वाक्य तुटलं तर वेग जास्त झाला.

पुढचे तीन आठवडे त्यात जिने घाला. सोसायटीचे दहा मजले, पाठीवर पाच किलो, चार-पाच फेऱ्या. चढताना जेवढं लक्ष देता तेवढंच उतरताना द्या. उतरायला लिफ्ट वापरू नका. केदारकंठ्याला गुडघे उतरतानाच बोलतात, त्याचं कारण टप्पा 9 मध्ये येईल.

शेवटच्या दोन आठवड्यांत दोन मोठे चढ करा. पुण्याच्या मंडळींना आतकरवाडीकडून सिंहगड पुरेसा आहे, मात्र एका सकाळी दोन वेळा, सात-आठ किलोच्या सॅकसह. नाशिक-मुंबईकरांसाठी बारीतून कळसूबाई. हे दोन्ही चढ त्याच बुटांत करा जे तुम्ही हिमालयात नेणार आहात. निघण्याआधीचे चार दिवस फक्त हलकं चाला.

तपासा: 5 किलोमीटर 40 मिनिटांच्या आत पळता येतात का, आणि दुसऱ्या दिवशी पाय न धरता जिना उतरता येतो का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर शरीर तयार आहे.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. कितीही तंदुरुस्त असलात तरी उंचीचा त्रास होणार नाही याची हमी नाही. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्यालाही तो होतो, कारण त्याचं नातं स्नायूंच्या ताकदीशी नाही, शरीर विरळ हवेला किती लवकर सरावतं त्याच्याशी आहे. उलट तंदुरुस्त माणूस भराभर वर पोहोचतो आणि सरावायला लागणारा वेळ स्वतःच कमी करून घेतो.

## टप्पा 3: डॉक्टरांकडे खरंच जा

आयोजक वैद्यकीय प्रमाणपत्र मागतात आणि अनेक जण ओळखीच्या दवाखान्यातून नुसती सही आणतात. असं करू नका. रक्तदाब, दमा, हृदयाचा त्रास, रक्तक्षय, गर्भारपण यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना उंचीचे आकडे दाखवून स्पष्ट विचारा. हिमोग्लोबिन तपासून घ्या.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे बाजारात डायमॉक्स नावाने मिळणारी गोळी, शरीराला उंचीची सवय लवकर व्हायला मदत करते. प्रतिबंधासाठी साधारणपणे 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढ सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून दिली जाते. पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. गोळीने बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. हे माहीत नसलं की तंबूत माणूस घाबरतो. म्हणून एक-दोन दिवस घरी घेऊन पाहता येईल का, तेही डॉक्टरांना विचारा.

सावधान: डायमॉक्स घेतली म्हणून वेग वाढवता येत नाही. डोकेदुखी दाबायची गोळी घेऊन पुढे चढत राहणं त्याहून धोक्याचं. दुखणं दबतं, आजार वाढत राहतो.

## टप्पा 4: सॅक भरणं

इथे सगळ्यांत जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अंगावर सुती बनियन, त्यावर सुती टी-शर्ट आणि वर जाडजूड जॅकेट असा थाट होता. चढाला घाम आला. विसावा घेतला आणि पाच मिनिटांत तो ओला कपडा पाठीला बर्फासारखा चिकटला. दात वाजायला लागले ते संध्याकाळपर्यंत थांबले नाहीत. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि शरीराची ऊब खेचून घेतं. केदारकंठ्याच्या सॅकमध्ये सुती कपडा फक्त एकच हवा, हातरुमाल. जीन्स तर घरीच राहू दे.

कपडे थरांत घ्या. अंगालगत घाम बाहेर टाकणारा सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचा थर, दोन जोड. त्यावर फ्लीस. त्यावर पिसांचं किंवा सिंथेटिक भरावाचं जॅकेट. सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारं पातळ जॅकेट. चालताना पहिले दोन थर पुरतात. भरावाचं जॅकेट थांबल्यावर घालायचं, पण ते सॅकच्या तळाशी कोंबू नका, वरच हाताशी ठेवा. एकच जाड जॅकेट घेणाऱ्यांची पंचाईत अशी होते की घातलं तर घाम, काढलं तर थंडी.

हात आणि पाय: हातमोजे दोन प्रकारचे, आत पातळ आणि वर पाणी न शिरणारे. वरचे हरवतात, म्हणून दोरीने मनगटाला बांधा. पायमोजे चार जोड, त्यातला एक जाड लोकरीचा जोड फक्त झोपण्यासाठी राखून ठेवा. तो ओला होऊ द्यायचा नाही, काहीही झालं तरी. बूट घोट्याच्या वर येणारे, पाणी अडवणारे आणि किमान 40-50 किलोमीटर चाललेले. जाड मोजे घालून पुढे बोटं हलायला हवीत. घट्ट बुटात रक्त खेळत नाही आणि बोटं आधी गारठतात.

गेटर्स (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर चढवायचं आवरण) आणि बुटाला अडकवायचे दातेरी मायक्रोस्पाइक्स सांकरीत भाड्याने मिळतात. तिथली माणसं मायक्रोस्पाइक्सना सरसकट क्रॅम्पॉन म्हणतात. भाड्याने घेताना रबर ताणून पाहा, साखळीचे दुवे मोजा, तिथेच बुटाला लावून दहा पावलं चाला. माथ्याच्या चढावर तुटलेल्या रबराला इलाज नसतो.

डोळे: अतिनील किरण अडवणारा, बाजूनेही झाकणारा गॉगल हवाच. बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळ्यांचा बाहेरचा पारदर्शक थर भाजतो. त्या वेळी काही कळत नाही, सहा-आठ तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. ढगाळ दिवशीही गॉगल काढू नका. सनस्क्रीन नाकाच्या खालच्या बाजूला आणि हनुवटीखालीही लावा, ऊन खालून येतं.

पाणी: नळीची पिशवी या ट्रेकला निरुपयोगी, नळीतलं पाणी गोठतं. एक-एक लिटरच्या दोन पक्क्या बाटल्या घ्या, त्यातली एक थर्मास असली तर उत्तम. साधी बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. बर्फ वरून धरायला लागतो, बाटली उलटी असली की झाकण मोकळं राहतं.

खाऊ: चिक्की आणि चॉकलेट थंडीत दगड होतात, दात दुखावतात. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, मनुका, भाजलेले शेंगदाणे बरे. जानेवारीत जात असाल तर घरची गूळपोळी न्या. टिकते, तोंडाला चव आणते, आणि उंचीवर भूक मेली की जे घशाखाली उतरेल तेच खरं अन्न.

बाकी यादी लवकर संपवतो: हेडटॉर्च आणि जादा बॅटऱ्या, चालण्याच्या काठ्या, कानटोपी, ओआरएस, पॅरासिटामोल, उलटीची गोळी, चिकटपट्ट्या, ओळखपत्राच्या दोन छायाप्रती, कचऱ्याच्या पिशव्या. पाळीच्या तारखा जवळ असोत नसोत, पॅड सोबत ठेवा, उंचीवर पाळी पुढे-मागे होते. वापरलेले पॅड बर्फात पुरू नका, वेगळ्या पिशवीत परत आणा.

तपासा: सॅक भरून वजन करा. सगळं सामान पाठीवर नेणार असाल तर पाण्यासकट 10-11 किलोच्या वर जाऊ देऊ नका. मोठी सॅक खेचरावर देणार असाल तरी भरावाचं जॅकेट, हातमोजे, पाणी, खाऊ आणि टॉर्च हे पाच जिन्नस स्वतःच्या पाठीवरच हवेत. खेचर वेळेवर पोहोचेलच असं नाही.

## टप्पा 5: सांकरीपर्यंत

मुंबई-पुण्याहून दिल्ली किंवा हरिद्वार गाठून डेहराडूनला या. डेहराडून ते सांकरी साधारण 200 किलोमीटर, पण वाट मसुरी, नैनबाग, पुरोला, मोरी, नैटवाड अशी डोंगरांतून जाते आणि आठ ते दहा तास खाते. सकाळी लवकर निघा. वळणांनी मळमळतं, म्हणून पोट रिकामंही नको आणि तळलेलं खाऊन भरलेलंही नको. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर नाही.

रोख रक्कम डेहराडूनमध्येच काढा. पुरोल्याच्या पुढे एटीएमच्या भरवशावर राहू नका. हा भाग गोविंद पशुविहार अभयारण्याच्या हद्दीत येतो, त्यामुळे वनखात्याची नोंद आणि परवाना लागतो. परवाना आणि स्थानिक वाटाड्या यांशिवाय जाऊ नका. ताज्या बर्फात वाट दिसतच नाही, आणि मोबाइलमधला नकाशा थंडीत बॅटरी मेली की संपतो.

आता या लेखातला माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला: सांकरीत एक रात्र जादा काढा. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लगेच वर निघू नका. सकाळी शेजारच्या सौड गावाच्या वरच्या जंगलात दोन-तीन तास चढून या, दुपारी खाली येऊन आराम करा, भाड्याचं सामान तपासा. खर्च एका दिवसाचा होतो, त्या बदल्यात घाईच्या आखणीला थोडी ढील मिळते.

सावधान: खोलीत ऊब यावी म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊन दारं-खिडक्या लावून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. हाच नियम तंबूला. तंबूत कुठलीही शेगडी किंवा स्टोव्ह पेटवायचा नाही.

## टप्पा 6: सांकरी ते जुडा का तालाब

अंतर चारेक किलोमीटर, चढ सुमारे 850 मीटर. चार-पाच तास धरा. सुरुवातीला पाइनचं दाट जंगल, मग हळूहळू बर्फ. वाट सोपी आहे आणि तीच अडचण आहे, कारण सोप्या वाटेवर सगळे पळतात.

वेग असा ठेवा की नाकाने श्वास घेऊन चालता यावं. तोंड उघडावं लागलं तर पावलं लहान करा, थांबू मात्र नका. दहा मिनिटं धावायचं आणि पाच मिनिटं धापा टाकत उभं राहायचं, ही सह्याद्रीतली पद्धत इथे दोन प्रकारे नडते: दम जातो आणि घाम येतो. घामाची चाहूल लागली की लगेच एक थर काढा. निघताना थोडी थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत.

दर अर्ध्या तासाला चार-पाच घोट पाणी. थंडीत तहान लागत नाही, कोरड्या हवेत प्रत्येक उच्छ्वासाबरोबर पाणी मात्र जात असतं. दिवसभरात तीन-चार लिटर पोटात गेलं पाहिजे, त्यात चहा, सूप, डाळ धरा. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय.

मुक्कामावर पोहोचल्यावर क्रम ठरलेला ठेवा. आधी ओला थर काढून कोरडा घाला, मग टोपी आणि भरावाचं जॅकेट, मग गरम पेय. आधी फोटो, गप्पा आणि मग कपडे असा उलटा क्रम केला की जी थंडी भरते ती रात्रभर जात नाही. लगेच झोपूही नका, थोडं फिरा. तळं गोठलेलं दिसलं तरी त्यावर पाय ठेवू नका. बर्फाची जाडी काठावरून कळत नाही.

## टप्पा 7: तळापर्यंत, आणि तिथली दुपार

दुसऱ्या दिवशीचं अंतर कमी आहे, तीन-साडेतीन तासांत तळ येतो. जंगल विरळ होतं, मोकळ्या उतारांवरून शिखर दिसायला लागतं. दुपारी हातात वेळ उरतो आणि बहुतेक जण जेवून तंबूत शिरतात. झोपेत श्वास उथळ होतो आणि जागे होताना डोकं ठणकतं.

त्याऐवजी जेवणानंतर तासभर थांबून, वाटाड्याला सोबत घेऊन शंभर-दीडशे मीटर वर चढा, वर पंधरा मिनिटं बसा आणि खाली या. चढा उंच, झोपा खाली. त्याच फेरीत मायक्रोस्पाइक्स लावून बघा, उद्या अंधारात गार बोटांनी तेच करायचं आहे. बर्फावरची पावलंही इथेच शिका. चढताना बुटाचं टोक बर्फात रोवायचं. उतरताना गुडघा किंचित वाकवून टाच रोवायची. कडक बर्फावर स्पाइक्सचे सगळे दात टेकतील असं पाऊल सपाट टाकायचं.

संध्याकाळी प्रत्येकाने प्रत्येकाला विचारायचं, आणि खरं उत्तर द्यायचं. डोकं दुखतंय? मळमळतंय? जेवण गेलं? चक्कर येते? डोकेदुखी आणि तिच्या जोडीला यांपैकी आणखी एखादं लक्षण म्हणजे उंचीचा त्रास असं धरून चाला. पाणी कमी पडलं असेल, सर्दी असेल असली कारणं नंतर शोधा.

- सौम्य त्रास असेल तर आणखी वर जायचं नाही. पाणी, हलकं जेवण, विश्रांती. सकाळपर्यंत पूर्ण बरं वाटलं तरच माथा.
- त्रास वाढत असेल, उलट्या थांबत नसतील, तर खाली. तीनशे ते हजार मीटर उतरल्यावर बहुतेकांना फरक पडतो. जुडा का तालाबपर्यंत उतरलं तरी 660 मीटर होतात.
- सरळ रेषेत टाचेला अंगठा लावत दहा पावलं टाकता येत नाहीत, बोलणं असंबद्ध होतंय, किंवा नुसतं बसूनही धाप लागतेय, खोकला येतोय: मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी होत असल्याची ही खूण. रात्र असो, बर्फ पडत असो, वाटाड्याला उठवून त्याच क्षणी खाली न्यायचं. सकाळची वाट पाहायची नाही. त्याला एकटं पाठवायचं नाही. मोबाइलला रेंज असली तर आपत्कालीन क्रमांक 112.

रक्तातला प्राणवायू मोजणारा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जवळ असेल तर वापरा, पण गार बोटावर तो चुकीचा आकडा दाखवतो. आकडा चांगला आणि माणूस आजारी दिसत असेल तर माणसावर विश्वास ठेवा.

आमच्या एका गटातल्या मित्राने रात्रभर डोकेदुखी लपवली होती, आपल्यामुळे सगळ्यांचा ट्रेक बुडेल म्हणून. पहाटे त्याला सरळ उभं राहता येईना. दोघं जण त्याला धरून अंधारात खाली घेऊन गेले आणि तो बरा झाला. संध्याकाळीच बोलला असता तर उजेडात, स्वतःच्या पायांनी उतरला असता. म्हणून गटाच्या लीडरने पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगावं की जो खाली जाईल त्याच्याबरोबर एक जण जाईल आणि त्यावरून कुणाला बोल लावला जाणार नाही.

## टप्पा 8: माथ्याची पहाट

झोपायला जाताना: उद्याचे पायमोजे, हातमोजे, टॉर्चच्या बॅटऱ्या, मोबाइल आणि सनस्क्रीन स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. बुटांतले आतले तळवेही काढून आत घ्या. बूट पिशवीत घालून तंबूच्या आतच ठेवा, बाहेर राहिले तर लाकडासारखे कडक होतात. शेकोटीजवळ बूट सुकवू नका, तळ सुटतो. गरम पाण्याची बाटली नीट बंद करून पायाशी ठेवा, सकाळी तेच पाणी प्यायला होतं. रात्री लघवीला लागली तर अडवून धरू नका. जाताना शेजाऱ्याला सांगून जा.

निघायची वेळ: अनेक गट दोनला निघतात, पाचला माथ्यावर पोहोचतात आणि अंधारात, वाऱ्यात कुडकुडत सूर्याची वाट पाहतात. तळापासून माथा जेमतेम 380 मीटर वर आहे, अडीच-तीन तासांचं काम. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. चारला निघालं तर पुरतं. वाटाड्याने वेगळी वेळ सांगितली तर मात्र त्याचं ऐका, बर्फाची आजची स्थिती त्याला ठाऊक असते. तिकडे आपल्या दादासारखं भैजी म्हणून हाक मारतात. त्या भैजीचा शब्द त्या पहाटे अंतिम.

निघण्याआधी गरम काहीतरी खा, भूक नसली तरी. भरावाचं जॅकेट घालूनच सुरुवात करा आणि अंग तापलं की पंधरा मिनिटांत काढा. शेवटचा चढ तीव्र आणि उघडा आहे. तिथे एक पाऊल, एक श्वास एवढाच ताल. पुढच्याच्या पावलांच्या ठशांत पाऊल टाका. काठ्या चढाच्या बाजूला आखूड धरा. रांग अडली तर पायाची बोटं बुटात सतत हलवत राहा.

बोटं दुखायची थांबून पांढरी, बधिर झाली तर ती बरी झालेली नाहीत, गोठायला लागली आहेत. हात काखेत घ्या. बर्फाने चोळू नका, शेकोटीवर धरू नका. ज्याची थरथर आवरत नाही, जीभ जड झाली आहे, साधी चेन लावता येत नाही, त्याला कोरडं करून, गुंडाळून, गोड गरम पाजून खाली न्या.

परतीची वेळ तळावरच ठरवा. माझी वेळ साडेनऊ. तेव्हा जिथे असू तिथून वळायचं, माथा दहा मिनिटांवर असला तरी. ऊन चढलं की बर्फ मऊ होतो, पाय मांडीपर्यंत रुततो, दुपारनंतर वारा आणि ढग येतात. माथ्यावरून स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ आणि काळानाग ही शिखरं ओळखून घ्या, दगडांच्या छोट्या देवस्थानापाशी डोकं टेका, आणि अर्ध्या तासात उतरायला लागा.

## टप्पा 9: उतार

नेहमीच्या आखणीत माथ्यावरून तळावर येऊन, जेवून, त्याच दिवशी हरगावच्या मुक्कामाला उतरतात. तो सुमारे 2700 मीटरवर आहे. म्हणजे त्या दिवशी चढ 380 मीटर आणि उतार 1100. गुडघ्यांचा सराव यासाठी करायचा होता. काठ्या चढापेक्षा थोड्या लांब करा, बुटाची नाडी घोट्याशी घट्ट आवळा म्हणजे बोटं पुढे आपटत नाहीत, आणि पावलं लहान ठेवा.

सावधान: बर्फात बसून घसरगुंडी करायचा मोह सगळ्यांना होतो. स्पाइक्स पायात असताना कधीही घसरू नका. एक दात बर्फात अडकला की शरीर पुढे जातं, पाय मागे राहतो आणि घोटा मोडतो. स्पाइक्स काढूनही वाटाड्याने दाखवलेल्या, खाली मोकळं मैदान असलेल्या उतारावरच घसरा, काठ्या सॅकला बांधून.

तळावर परत आलात की थकवा एकदम जाणवतो आणि सगळे तिथेच पसरतात. तास-दीड तासाहून जास्त थांबू नका. ओले पायमोजे बदला, खारट सूप आणि भात खा, अंधार पडायच्या आत हरगाव गाठा. दुसऱ्या दिवशी सांकरी फक्त काही तासांवर असते.

सांकरीत भाड्याचं सामान परत करण्याआधी कचऱ्याची पिशवी उघडून बघा. नेलेल्या वेष्टनांइतकी वेष्टनं परत आली आहेत का? त्याच दुपारी डेहराडूनकडे निघायचा विचार असेल तर तो सोडा. दमलेल्या चालकाबरोबर रात्री घाट उतरायचा नाही. गरम पाण्याने पाय धुवा, बोटांवर बधिर किंवा काळपट जागा राहिली आहे का ते उजेडात नीट पाहा. राहिली असेल तर डेहराडूनला पोहोचल्यावर स्टेशनाआधी रुग्णालयात जा.